हळदीचा डाग आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ

लढाया आणि किल्ल्यांचा इतिहास आपण नेहमीच बोलतो. आज बोलू या मोरीतल्या बादलीचा इतिहास. हसू नका, याही लढाईत हरणं आहे, जिंकणं आहे आणि जखमी झालेली माणसंही आहेत.

सुरुवात माझ्याच पराभवापासून करतो. माझ्याकडे रेजिमेंटच्या रंगाचा एक रेशमी स्कार्फ होता. निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्यांच्या जेवणात त्यावर आमटी सांडली. घरी आल्यावर तो डाग काढणाऱ्या पावडरीत रात्रभर भिजत घातला. सकाळी डाग गेला होता, पण त्याबरोबर रेशमाची चमकही गेली होती आणि कापड मलूल झालं होतं. मग चष्मा लावून पाकीट वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, लोकर आणि रेशमासाठी वापरू नका. चूक माझी होती. पण आमटीचा डाग काढणारी वस्तू रेशमाला का खाते, हा प्रश्न काही सोडेना.

उत्तर एका शब्दात आहे: एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. पुष्कळांना वाटतं, पावडरीत जिवंत जंतू असतात. तसं नाही. विकर हा निर्जीव रेणू आहे. भाकरीचा घास चावत राहिलात की गोड लागतो, ते लाळेतल्या विकराचं काम. पोटात अन्न पचवण्याचं जे काम चालतं, तेच बादलीत करून घ्यायचं, एवढीच ही युक्ती.

ती प्रथम सुचली ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला, आणि तीही कपड्यांवरून नव्हे, चामड्यावरून. त्या काळी चामडं मऊ करायला कुत्र्याची विष्ठा आणि कबुतरांची शीट वापरत. त्या घाणीत नेमकं काम कोण करतं, याचा शोध घेताना रोम पचनाच्या विकरांपर्यंत पोचला. त्याने कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडापासून विकर काढलं आणि चामड्याच्या धंद्याला घाणीपासून सोडवलं. मग त्याने विचार केला, कपड्यावरचा मळ तरी काय? घाम, रक्त, अंडं, दूध, म्हणजे बरंचसं प्रथिनच. १९१३ मध्ये त्याने विकराने कपडे धुण्याचं पेटंट घेतलं आणि डार्मस्टाटच्या त्याच्या कंपनीने ‘बुर्नुस’ नावाचं उत्पादन बाजारात आणलं.

कल्पना बरोबर होती, पण सैन्य चुकीच्या मैदानात उतरलं होतं. धुण्याच्या पाण्यात सोडा असतो, ते पाणी क्षारयुक्त असतं. स्वादुपिंडातलं विकर त्यात फार टिकत नाही. म्हणून बुर्नुस कपडे आधी भिजवून ठेवण्यापुरतंच राहिलं. पुढची साडेचार दशकं जगाने जुनाच मार्ग धरला: उकळतं पाणी, सोडा आणि आपटणं. आमच्या युनिटच्या धोब्याचाही तोच मंत्र होता. लंगरमधल्या जवानांचे एप्रन तो दगडावर इतके आपटायचा की कापड विरायचं, डाग मात्र ठाण मांडून बसायचा. कारण साधं आहे. अंडं उकळलं की घट्ट होतं. कापडावरचं अंडंही उकळत्या पाण्यात तसंच घट्ट बसतं.

मार्ग सापडला तो जनावरांऐवजी जिवाणूंकडे वळल्यावर. काही बॅसिलस जिवाणू असं विकर तयार करतात की ते क्षारयुक्त आणि गरम पाण्यातही टिकून काम करतं. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘बायो ४०’ आलं. पाठोपाठ डेन्मार्कच्या नोवो कंपनीने ‘अल्कलेज’ आणलं. १९६० च्या दशकात युरोप-अमेरिकेत एन्झाइमच्या पावडरींची लाटच आली.

आता जरा थांबतो, कारण जखमी माणसांची गोष्ट इथे आहे. तेव्हाचं एन्झाइम अगदी बारीक भुकटीच्या रूपात असे. कारखान्यात पावडर मिसळताना ते हवेत उडायचं आणि कामगारांच्या छातीत जायचं. माणसांना दम लागू लागला, दम्यासारखे झटके येऊ लागले. १९६९ मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर मायकेल फ्लिंट यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. खळबळ उडाली. अमेरिकेतल्या उत्पादकांनी पावडरीतून एन्झाइम काढूनही टाकलं. १९७१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी सांगितलं की घरी वापरणाऱ्यांना मोठा धोका नाही. पण कारखान्यातली धूळ थांबवणं भागच होतं. मग एन्झाइमचे दाणे करून त्यांवर मेणासारखं आवरण चढवलं गेलं, म्हणजे धूळ उडणार नाही आणि दाणा पाण्यातच फुटेल. आज आपण निर्धास्तपणे पाकीट फोडतो, त्यामागे त्या कामगारांनी मोजलेली किंमत आहे. फौजेत प्रत्येक सुरक्षा-नियमामागे कुणाचा तरी अपघात असतो, इथेही तेच.

पुढे एकेक तुकडी दाखल होत गेली. प्रथिनांसाठी प्रोटीएज होतंच. भात-बटाट्याच्या पिष्टासाठी अमायलेज आलं. तेलातुपाच्या डागासाठी लायपेज हवं होतं, पण ते पुरेसं मिळेना. अखेर एका बुरशीतला लायपेजचा जनुक दुसऱ्या बुरशीत घालून ते मोठ्या प्रमाणावर तयार केलं गेलं आणि १९८८ मध्ये ‘लायपोलेज’ बाजारात आलं. ती दुसरी बुरशी म्हणजे जपानी लोक सोया सॉससाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात तीच. आपल्याकडे सर्फ १९५९ पासून आणि निरमा १९६९ पासून, पण एन्झाइमवाल्या पावडरी घरोघर दिसू लागल्या त्या १९९० च्या दशकात.

आता आपल्या हळदीकडे येतो. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, मराठी घरातला हट्टी डाग हळदीचाच. हळदीचा पिवळेपणा ‘कर्क्युमिन’ या रंगद्रव्याचा. ते प्रथिन नाही, पिष्ट नाही आणि तेलही नाही, त्यामुळे या तीनपैकी कुठल्याही विकराला ते पचत नाही. साबण लावला की डाग लाल होतो, कारण क्षारात कर्क्युमिनचा रंग बदलतो. मात्र आमटीतलं तेल आणि डाळ विकर काढून टाकतं, आणि उरलेला पिवळा रंग ऊन फिका करतं. आपल्या आज्या पिवळे पडलेले पांढरे कपडे कडक उन्हात वाळत घालायच्या, ते अगदी बरोबर होतं.

म्हणून सुती कपडा कोमट पाण्यात अर्धा-एक तास भिजवा, उकळत्या पाण्यात नको. रेशीम आणि लोकर बाजूला ठेवा. तीही प्रथिनंच आहेत, आणि प्रोटीएजला आपला-परका कळत नाही. शत्रू कशाचा बनला आहे हे आधी ओळखावं, मग हत्यार निवडावं. चाळीस माणसांना हे शिकवणाऱ्या मला ते एका स्कार्फने पुन्हा शिकवलं. तो स्कार्फ अजून कपाटात आहे, बिनडागाचा आणि बिनचमकेचा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.