घर भाड्याने देताय? नव्या घरमालकांसाठी करार, अनामत आणि हिशेब

आखाती देशात दहा-बारा वर्षं राबून परतलेला भाऊ, निवृत्तीचे पैसे हाती आलेले गुरुजी, दुकानातून चार पैसे मागे टाकलेलं कुटुंब. बँकेचं व्याज नको, म्हणून एखादी खोली किंवा फ्लॅट घ्यावा आणि भाड्यावर घरखर्च भागवावा, असा विचार आपल्या समाजात बरेच जण करतात. विचार चांगला आहे. भाडं हे हलाल उत्पन्न आहे. पण घर विकत घेणं वेगळं आणि घरमालक होणं वेगळं. इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातील राहत्या घरांबद्दल आहे.

आधी हिशेब मांडू. समजा 30 लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिना 9,000, म्हणजे वर्षाला 1,08,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 18,000, घरपट्टी 4,000, रंगरंगोटी-नळदुरुस्ती 7,000 आणि एक महिना घर रिकामं राहिलं तर 9,000 वजा करा. उरले 70,000. म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर. एजंट तुम्हाला 1,08,000 चा आकडा सांगतो, 70,000 चा सांगत नाही. हा आकडा पटत असेल तरच पुढे जा.

घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का ते पाहा. मुंब्रा, भिवंडी भागात ओसी नसलेल्या इमारतीत घर स्वस्त मिळतं, हे खरं. पण शिळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमधील बेकायदा इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली, तेव्हा काम चालू असतानाच तिथे माणसं राहायला आली होती. 74 जीव गेले. अशा इमारतीत स्वतः राहणं हा एक धोका, पण दुसऱ्याचं कुटुंब पैसे घेऊन तिथे ठेवणं ही त्याहून मोठी जबाबदारी आहे.

आता कराराचं. सर्वात पसरलेला गैरसमज असा की, “11 महिन्यांचा करार केला, नोटरीचा शिक्का मारला, बस्स.” एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर 11 महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ही सूट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखीच हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की 3 वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. वर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करावा. याचा फायदा कलम 24 मध्ये आहे. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर नेहमीच्या दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. मात्र कुलूप बदलणं, पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं हे करू नका. बाजू तुमची असली तरी त्यानंतर गुन्हेगार तुम्ही ठरता.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत रकमेवर वर्षाला 10 टक्के व्याज गृहीत धरून तेही त्या भाड्यात मिळवतात. 9,000 भाडं, 50,000 अनामत, मुदत 11 महिने, तर शुल्क तीनशेच्या आत येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम घरबसल्या ऑनलाईन होतं. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हा हुकूम कुरआनातील सर्वात लांब आयतीत (सूरह बकरा, 282) आहे. तरीही ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला’ म्हणून घर देणारे आपल्यात कमी नाहीत.

आम्ही शिक्षक असल्याने एक गोष्ट दरवर्षी पाहतो. डिसेंबर-जानेवारीत करार संपतो, घर बदलतं आणि पोराची शाळा अर्ध्यावर सुटते. मुदत मे महिन्यात संपेल अशी ठेवली तर मालकाचं काहीच जात नाही.

अनामत हा शब्द ‘अमानत’वरूनच आला आहे. रक्कम भाडेकरूची असते, आपल्याकडे फक्त ठेवलेली. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घ्यावी आणि शक्यतो वेगळी ठेवावी.

इथे ‘हेवी डिपॉझिट’बद्दल स्पष्ट बोलायला हवं. पाच-सहा लाख एकरकमी घ्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत. मुस्लिम वस्त्यांमध्ये हा प्रकार सर्रास चालतो आणि ‘यात व्याज कुठे आहे?’ असं विचारलं जातं. अनेक मुफ्तींचं उत्तर असं की, ती रक्कम परत करायची आहे म्हणजे ते कर्जच, आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहायला मिळणं हा कर्जावरचा फायदा, म्हणजे सूद. व्याज टाळायला घर घेतलं आणि मागच्या दाराने तेच आत आलं! भाडं बाजारभावाने आणि अनामत साधी, हा सरळ मार्ग आहे. व्यवहार म्हणूनही हेवी डिपॉझिट धोक्याचंच. मालक त्या पैशात मुलीचं लग्न किंवा दुसरं घर करतो. मग ते परत द्यायची वेळ आली की नव्या भाडेकरूकडून घेऊन जुन्याला देतो. एखादा महिना नवा भाडेकरू मिळाला नाही की सगळं अडतं आणि जुनं कुटुंब पैशाविना घर सोडत नाही. भांडणं मोहल्ल्याच्या जमातीपर्यंत जातात.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवा. ऑनलाईनही देता येते. पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते मोडल्यास गुन्हा नोंद होतो. पोच जपून ठेवा. सोसायटीला घर देण्याआधी कळवावं लागतं. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जादा आकार घेऊ शकते, पण 2001 च्या सरकारी आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावा.

नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्यातील कित्येकांना आहे. तेव्हा आपल्या दारातही एकटी नोकरी करणारी बाई, परगावचा विद्यार्थी किंवा दुसऱ्या धर्माचं कुटुंब आलं, तर कागद बघा, नाव नव्हे.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्ती केलेली असो वा नसो. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने कर कापून भरायचा असतो. दुबई-कतारला असलेल्या मालकांना हे बहुधा कुणी सांगत नाही. जकात भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर लागत नाही. शिल्लक राहिलेलं भाडं निसाबच्या हिशेबात धरतात. घर विकण्याच्या इराद्यानेच घेतलं असेल तर मात्र बाजारभावावर जकात येते.

वडिलांच्या पश्चात भाड्याचं घर उरतं, तेव्हा भाडं थोरला भाऊ गोळा करतो आणि बहिणीला ईदला साडी मिळते. वाटणी होईपर्यंत भाडंही सर्व वारसांचं असतं. आई, दोन मुलगे, एक मुलगी असं कुटुंब असेल आणि खर्च वजा जाता भाडं 8,000 उरत असेल, तर आईचे 1,000, प्रत्येक मुलाचे 2,800 आणि मुलीचे 1,400. करारात सर्व वारसांची नावं घाला, किंवा बाकीच्यांनी एकाला लेखी मुखत्यारपत्र द्या, आणि बहिणीचे पैसे दर महिन्याला तिच्या खात्यावर पाठवा.