व्हीसीआर : एका निवडीचा इतिहास

घरातील व्हिडिओ यंत्र बंद पडले की त्याच्या जागी कोणते आणावे, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. परंतु गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहिला असता, या प्रश्नाचे उत्तर पुनःपुन्हा बदलत गेले आणि दर वेळी कुटुंबाला काही ना काही मागे सोडावे लागले, असे दिसून येते.

१९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने फितीवर चित्र साठविणारे पहिले यशस्वी यंत्र आणले. ते अवजड व महागडे यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांसाठीच होते. घरात मावण्याइतके ते लहान व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. जपानमध्ये १९७५ साली सोनीने बेटामॅक्स आणले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस. दोहोंची फीत अर्धा इंच रुंद, दोहोंतही फिरत्या ढोलावरून चित्राच्या तिरप्या रेषा फितीवर उमटत; तरीही एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालत नसे.

बेटामॅक्सचे चित्र किंचित सरस मानले जाई. मग ते मागे का पडले? त्याच्या पहिल्या कॅसेटमध्ये एकच तास चित्रण मावे, व्हीएचएसमध्ये दोन तास. एका तासात चित्रपट बसत नाही, हे साधे गणित होते. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत इतर कंपन्यांना मोकळेपणाने वापरू दिली. दुकानदार व्हीएचएसच्या कॅसेट अधिक ठेवू लागले, म्हणून ग्राहक तेच यंत्र घेऊ लागले. आणि ग्राहक वाढले म्हणून दुकानातील कॅसेटही वाढल्या. अखेर १९८८ साली खुद्द सोनीनेच व्हीएचएस यंत्रे काढली. ज्यांच्या घरी बेटामॅक्स होते, त्यांचे यंत्र धडधाकट असूनही कालबाह्य ठरले.

मधल्या काळात, १९८४ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिचित्रमुद्रित करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. यंत्राला घरात मिळालेले हे कायदेशीर स्थान होय.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले. पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची प्रथा पडली. लग्न आणि स्नानसंस्कार यांच्या कॅसेटही घराघरांतील कपाटात जमल्या. अमेरिकेतील आप्तांनी धाडलेली कॅसेट मात्र आपल्या साध्या यंत्रावर नीट दिसत नसे, कारण तेथील चित्रपद्धती एनटीएससी आणि आपली पाल.

१९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. चित्र सुबक झाले, फीत गुंडाळण्याची कटकट संपली. पण साध्या डीव्हीडी प्लेअरवर ध्वनिचित्रमुद्रण करता येत नसे. सोय मिळाली आणि एक सामर्थ्य गेले. १९९९ साली अमेरिकेत हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठविणारे टिवो यंत्र आले. २००७ साली नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला आणि घरी काही साठविण्याची गरजच अनेकांना उरली नाही. २०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. सुटे भाग मिळेनासे झाले होते व खपही घटला होता.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. कॅसेटवरील चित्रपट गेला तरी तो अन्यत्र मिळू शकतो. दिवंगत आजीचा चालताबोलता चेहरा मात्र बहुधा त्या एकाच फितीवर असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि आतील चुंबकीय थरही कायमचा टिकणारा नाही. तीन तासांच्या कॅसेटची प्रत काढण्यास तीनच तास लागतात. तेथे घाई चालत नाही.

म्हणून यंत्र बदलताना कोणते नवे घ्यावे याआधी, जुन्यात काय अडकले आहे, हे विचारावे. चालू स्थितीतील व्हीसीआर भंगारात देण्यापूर्वी त्यावरून घरच्या कॅसेटच्या प्रती काढून घ्याव्यात, आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कारण आजचे नवे साधनही उद्या जुने होणारच आहे, एवढे तर हा इतिहास निश्चितपणे सांगतो.