छुपे दोष (घरखरेदीतील)

विक्रीवेळी घरात असलेला, पण खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा दोष. तो बांधकामाचा असतो (स्लॅबची गळती, गंजून फुगलेल्या सळया) किंवा मालकी हक्काचा (लपवलेले गहाण, वारसाचा दावा). घर बिल्डरकडून घेतले की आधीच्या मालकाकडून, यावर भारतातील कायदेशीर उपाय ठरतात.

नवे घर : स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला दोष बिल्डरला ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करावा लागतो, न केल्यास भरपाई मागता येते. महाराष्ट्रात तक्रार महारेराकडे (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) होते. भरपाई न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. जमिनीच्या सदोष मालकी हक्काबद्दलच्या भरपाईला कलम १८(२) नुसार मुदतीची आडकाठी नाही. राज्याच्या १९६३ च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्यात बांधकामदोषाची मुदत ३ वर्षे आहे.

मूळ दोष की देखभालीअभावी झालेली झीज, हा नेहमीचा वाद. बाथरूमखालच्या छतावर थाळीएवढा पिवळा डाग उमटतो; बिल्डरचा माणूस फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरतो आणि काम पूर्ण झाल्याची सही घेऊन जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग परत येतो, तेव्हा हातात फक्त ती सही उरते. तोंडी तक्रारींत ५ वर्षे सरली की हक्काचा उपाय हातचा जातो. म्हणून पहिल्याच डागाला लेखी पत्र, त्याची पोच, तारखेसह छायाचित्रे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आवश्यक. गळती थांबेपर्यंत सही देऊ नये.

जुने घर (रीसेल) : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५ : विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक, न सांगणे कपट मानले जाते. करारात वेगळे ठरले असल्यास हे बंधन बदलू शकते. करार रद्द करणे किंवा नुकसानभरपाई यांसाठी दिवाणी दावा. मुदत साधारणतः ३ वर्षे, कपट असल्यास ते उघड झाल्यापासून.

ग्राहक आयोग : गृहबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण प्रकरणात (१९९३) मान्य केले. मुदत २ वर्षे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग.

फौजदारी : भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम ३१८ (फसवणूक).