घोड्याची मान, सशाचा पाय आणि बाबांचा मणका

मागच्या महिन्यात बाबांच्या कमरेचं ऑपरेशन ठरलं. सोलापुरात पॉवरलूमवर उभ्यानं आयुष्य काढलेला माणूस, आता शंभर पावलं चालला की पाय बधिर होतात. डॉक्टर म्हणाले, "दोन मणक्यांच्या मध्ये टायटॅनियमचा केज बसवू. जाळीदार असतो." माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. धातूला भोकं पाडली तर तो कमजोर नाही का होणार?

उत्तर शोधत मी पार १९११ पर्यंत मागे गेलो. त्या साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी मणके जोडण्याच्या आपापल्या पद्धती मांडल्या. तेव्हा मोठं कारण होतं मणक्याचा टीबी. अल्बी पेशंटच्याच नडगीचं हाड काढून पाठीत बसवायचे. म्हणजे एक दुखणं घालवायला दुसरी जखम.

पुढचा धागा स्वीडनचा. १९५०च्या दशकात ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते. प्रयोग संपल्यावर आत बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर निघेना! हाडानं ते घट्ट धरलं होतं.

मग आले घोडे. मानेत मज्जारज्जू दबला की घोडा लटपटतो. अमेरिकेत जॉर्ज बॅग्बी यांनी अशा घोड्यांच्या मणक्यांमध्ये भोकाभोकांचं स्टीलचं नळकांडं बसवलं आणि ड्रिल करताना निघालेला हाडाचा चुरा त्यातच भरला. भोकांतून हाड आरपार वाढलं. त्यातूनच माणसांसाठी टायटॅनियमचा 'बीएके' केज आला. १९९६ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आज थ्रीडी प्रिंटिंगनं धातूची पावडर थरावर थर वितळवून आंबोळीसारखी जाळी पाडतात. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर? भरीव टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी पट ताठ असतं. सगळा भार तेच उचलतं, मग हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होत जातं. जाळीमुळे हा ताठपणा कमी होतो. मला जो बग वाटला, ते फीचर निघालं.

पण धातू फक्त जागा देतो. हाड वाढवायचं काम शरीराचंच. म्हणून डॉक्टरांची एकच अट होती, विडी बंद. धूम्रपानानं हाड जुळायला अडथळा येतो.

आज बाविसावा दिवस. बाबा रोज सकाळी कॅलेंडरवर फुली मारतात, आणि मी न विचारता मोजतो. ऑपरेशन सोमवारी आहे.

भेटू पुढच्या भागात.