बटाटा दाराबाहेर, मिरची घरात

दर हंगामाला परड्यात एखादं नवं वाण लावलं की शेजारपाजारच्या बाया हमखास विचारतात, "हे आपल्यात चालतं का गं?" प्रश्न आजचा नाही, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा आहे.

1510 साली गोवा पोर्तुगीजांकडे गेला. पुढं त्यांच्या जहाजांतून मिरची, काजू, पेरू, अननस ही अमेरिकेतली झाडं आपल्याकडं आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी नि पिंपळी. आलं कंद म्हणून वर्ज्य, पण वाळून सुंठ झाली की चालती. मग मिरची आली, आणि तिला नाव मिळालं ते मिरीवरूनच. आमच्या सीमाभागातल्या कानडीत हे अगदी उघड दिसतं: मेणसु म्हणजे मिरी, मेणसिनकाई म्हणजे मिरची. परकी पोर, पण नाव घरातलं दिलं. आज ब्याडगीशिवाय वर्षाची चटणी होत नाही.

बटाट्याचं नावही पोर्तुगीजच. तो मात्र उंबऱ्याबाहेर राहिला, आणि परका म्हणून नव्हे. जमिनीखालचा कंद, अनंतकाय, म्हणून. आपल्या इथले मुळा नि सुरण तरी कुठं आत घेतले? तेव्हा "आपल्यात नवं काही घेतच नव्हते" हे बोलणं मला पटत नाही. घेत होते, पारखून घेत होते. टोमॅटोचं तेवढं कोडं आहे. बहुबीज म्हणून वांगं टाळणाऱ्या घरांतही बियांनी भरलेला टोमॅटो खुशाल शिजतो. त्याचं उत्तर शास्त्रापेक्षा आमटीत सापडेल!

पारख करायची तर बी हातात लागतं. जुन्या बाया चांगली शेंग झाडावरच वाळू देत, बी राखेत घोळून ठेवत, दोन-तीन हंगाम बघत आणि मग जावेला, लेकीला देत. संकरित बियाण्यात हे जमत नाही. त्याचं बी पेरलं तर पुढची झाडं सारखी निघत नाहीत. दरवर्षी पाकीट आणायचं, म्हणजे पारख दुकानदाराची. सुधारित सरळ वाणांचं तसं नाही. बेंगळुरूच्या संस्थेची अर्का अनामिका भेंडी आली तेव्हा केवड्या रोगाला दाद देत नव्हती, आणि तिचं बी ठेवता येतं. वाराणसीच्या संस्थेची तांबडी काशी लालिमाही तशीच. शिजवली की रंग उतरतो, सुना हिरमुसतात. दोन्ही जवळ लावू नयेत, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. यंदा मी लालिमा एकटीच लावलीय. पहिल्या चार शेंगांना दोरा बांधून ठेवलाय, त्या कुणी तोडायच्या नाहीत.