‘रामदास’ बोटीवरील मृत्यू : एक टिपण

जहाज बुडाले आणि माणसे बुडून मेली, एवढ्या नोंदीने इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान होऊ नये. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा सुमारे दीड हजार जीव गेले. परंतु त्यांतील पुष्कळांच्या अंगावर तरंगती जाकिटे होती. त्यांचा प्राण घेतला तो पाण्याच्या गारठ्याने.

दि. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीची हकीकत निराळी आहे. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. आपला पावसाळी समुद्र थंडीने मारीत नाही. तेव्हा कारण अन्यत्र शोधावयास हवे. बोट लाटेने कलली, घाबरलेली गर्दी एका बाजूस लोटली आणि त्या भारानेच कल वाढला. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांखाली कित्येक अडकले. पोहता येणारेही त्यांतून सुटले नाहीत. म्हणजे पोहण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवलाच नाही. जे बाहेर पडले त्यांना लाटांशी, आणि जिवाच्या आकांताने मिठी मारणाऱ्या सहप्रवाशांशीही, झगडावे लागले.

आणखी एक कारण काळाचे. अपघात सकाळी घडला, पण त्याची वार्ता मुंबईस पोहोचण्यास कित्येक तास लागले. दरम्यान जे वाचले, त्यांतील अनेकांना रेवसकडील कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतले होते.