तळघरातल्या स्लाइड, पुण्यातले फोटो

तुमच्या बेसमेंटमध्ये, दिवाळीच्या माळा आणि मुलांच्या जुन्या सायकलींच्या मागे, स्लाइडचे गोल ट्रे पडून आहेत का? आणि भारतात, आईवडिलांच्या कपाटात, फोटोंनी भरलेला बिस्किटांचा एखादा पत्र्याचा डबा? दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

वेस्ट विंडसरला माझ्या आत्याच्या घरी असे नऊ ट्रे निघाले. एकूण ६८० स्लाइड. आतोबा गेल्यावर सहा वर्षं त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी इतिहासाची संशोधक आहे, दिवसभर परक्या माणसांची जुनी कागदपत्रं उलटते. आत्या म्हणाली, “तू जुन्या कागदांचंच काम करतेस ना? मग हे तेवढं बघ.” मी उत्साहानं स्कॅनर शोधायला लागले. तुलनेचे तक्ते केले, परीक्षणं वाचली, किमती उतरायची वाट पाहिली. यात चार महिने गेले. त्याच चार महिन्यांत एडिसनचे एक काका गेले. आतोबांचे पहिल्या दिवसापासूनचे मित्र, निम्म्या स्लाइडमध्ये असलेले. उरलेल्या माणसांची नावं त्यांना पाठ होती. स्कॅनर त्यानंतर आठवड्याभरात दारात आला.

म्हणून स्कॅनर कोणता घ्यावा हे मी सांगणार आहेच, पण आधी काय करावं तेही सांगणार आहे.

सुरुवात १९५७ पासून करू. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी छायाचित्र संगणकात उतरवणारं यंत्र बनवलं. पहिलं चित्र म्हणून त्यांनी लावला तो त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो. पाच सेंटिमीटर लांब-रुंद, १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ३१ हजारांपेक्षाही थोडे कमी. स्कॅनिंगचा इतिहास असा एका बापाच्या खिशातल्या फोटोनं सुरू होतो, याचं मला फार बरं वाटतं.

पुढचा टप्पा आपल्या न्यू जर्सीतला. १९६९ मध्ये मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती शोधली. पडलेल्या प्रकाशाचं विजेच्या भारात रूपांतर करून तो ओळीनं मोजणारी. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७० च्या दशकात ही चकती काचेच्या सपाट स्कॅनरमध्ये आली आणि आजही चांगल्या फ्लॅटबेडमध्ये तीच असते.

इथेच खरेदीचा पहिला प्रश्न येतो. दुकानात मिळणारे स्वस्त, पातळ स्कॅनर आणि ‘ऑल-इन-वन’ प्रिंटर बहुतेक सीआयएस प्रकारचे असतात. त्यात संवेदक काचेला जवळजवळ चिकटून असतो, त्यामुळे कागद काचेवर सपाट टेकला तरच चित्र स्पष्ट येतं. अल्बमच्या पानाला चिकटलेला, कडा वळलेला फोटो त्यात धूसर येतो. सीसीडीच्या स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्याला थोडी उंची चालते. शिवाय स्लाइडला प्रकाश तिच्या आरपार जावा लागतो. म्हणून झाकणात दिवा असलेलाच फ्लॅटबेड हवा. साध्या स्कॅनरवर स्लाइड ठेवलीत, तर काळा चौकोन मिळेल.

यंत्र निवडायच्या आधी आपल्याकडे काय काय आहे ते मोजा. फक्त सुट्या, धडधाकट प्रिंट असतील आणि त्या हजारोंनी असतील, तर कागद ओढून घेणारा फोटो-स्कॅनर उत्तम. एप्सनचा फास्टफोटो ३०० डीपीआयला सेकंदाला एक फोटो घेतो. पण आजीचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो त्यात चुकूनही घालू नका. फक्त ३५ मिलिमीटरच्या स्लाइड आणि निगेटिव्ह असतील, तर प्लसटेकसारखा खास फिल्मचा स्कॅनर जास्त बारकावे काढतो, पण एकेक फ्रेम हातानं सरकवावी लागते. आणि बहुतेक मराठी घरांत असते तशी सरमिसळ असेल, म्हणजे स्लाइड, प्रिंट आणि भारतातल्या आग्फा क्लिकच्या १२० फिल्मच्या मोठ्या निगेटिव्ह, तर एप्सन पर्फेक्शन व्ही ६०० च्या जातीचा फ्लॅटबेड घ्या. तो एका वेळी चार स्लाइड घेतो आणि मोठ्या निगेटिव्हसाठी त्याला वेगळी चौकट मिळते. आम्ही हाच घेतला.

जाहिरातीतल्या ‘६४०० डीपीआय’ला भुलू नका. त्याचं भिंग प्रत्यक्षात याच्या जेमतेम चौथा हिस्सा बारकावे दाखवू शकतं. स्लाइडची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असते. २४०० डीपीआयला तिचे सुमारे ७७ लाख ठिपके होतात आणि टिफ फाइल साधारण २३ एमबीची. घरच्या टीव्हीवर बघायला आणि भिंतीवर लावायला ते पुरतं. चार-बाय-सहाच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे. धूळ पुसणारं ‘डिजिटल आइस’ हे तंत्र अवरक्त किरणांवर चालतं. रंगीत निगेटिव्ह आणि एक्टाक्रोमवर ते छान काम करतं, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदी हे किरण अडवते आणि कोडाक्रोमवरही ते दगा देऊ शकतं. तिथे फुंकणी आणि मऊ ब्रश बरा.

आता या स्लाइड आल्या कुठून, ते पाहू. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेत वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा दिला होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि १ जुलै १९६८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्या दारातून आलेले इंजिनिअर आणि डॉक्टर परकीय चलनाच्या नियमांमुळे खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन उतरत. पहिल्या काही पगारांत बऱ्याच जणांनी कॅमेरा घेतला. १९६१ मध्ये आलेल्या कोडॅक कॅरोसेल प्रोजेक्टरनं स्लाइड दाखवणं सोपं केलं होतं, एका ट्रेमध्ये ८० स्लाइड मावत. प्रत्येक चित्राच्या प्रिंटचा खर्च नको. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जेवण, मग दिवे मालवून भिंतीवर नायगारा.

आतोबांचे कोडाक्रोमचे रोल धुवायला फेअर लॉनला जात. कोडॅकची मोठी प्रयोगशाळा इथेच, न्यू जर्सीत होती. तिथून परत आलेल्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेलं असे. हा छाप इतिहासाच्या दृष्टीनं सोन्यासारखा आहे, पण तो रोल धुतल्याचा महिना आहे, फोटो काढल्याचा नव्हे. आत्याकडे गणपतीच्या आरतीच्या स्लाइडवर ‘जानेवारी’ छापलंय. कारण सोपं आहे, ३६ फोटो संपायलाच चार महिने लागले! स्कॅनर फक्त मधली फिल्म टिपतो, चौकट नाही. म्हणून ट्रेमधून काढताना चौकटीवरचा छाप, आतोबांच्या अक्षरातली टीप आणि ट्रेमधला क्रमांक मी वहीत उतरवला. क्रम मोडला की कथा मोडते.

कोडाक्रोमचा शेवट तुम्हाला आठवत असेल. २००९ मध्ये उत्पादन थांबलं आणि कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या प्रयोगशाळेनं २०१० च्या अखेरीस ती धुणं बंद केलं. पण धुतलेली कोडाक्रोम अंधारात ठेवली तर कितीतरी दशकं रंग धरते. प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र ती लवकर फिकी पडते. थोडक्यात, तळघरातला ट्रे आणखी पाच वर्षं थांबू शकतो. एडिसनचे काका थांबू शकले नाहीत. चार महिने मला हे उलटं वाटत होतं.

आता पुण्याकडे वळू. मागच्या हिवाळ्यात मी घरी गेले तेव्हा बाबांच्या कपाटातला बिस्किटांचा डबा उघडला. आत्या-आतोबांनी १९७१ पासून पाठवलेल्या ४१ रंगीत प्रिंट त्यात होत्या, बहुतेक स्लाइडवरूनच करून घेतलेल्या. रंग लालसर झालेले, कारण त्या काळच्या रंगीत कागदावरचा निळसर रंग आधी उडतो. मागे आत्याचं अक्षर: “आमची गाडी. तीर्थरूप आईस दाखवणे.” प्रत्येक प्रिंट मी पुढून-मागून स्कॅन केली आणि इथे परतल्यावर स्लाइडशी जोडून पाहिली. ६८० पैकी ४१. मग मला दिसलं, की ही नुसती बेरीज नाही, निवड आहे.

पुण्याला काय गेलं? बर्फ. गाडी. दोन दारांचा फ्रिज, आणि तोही दार उघडून. आत्या कोटात, पदर नीट दिसेल अशी. तळघरात काय राहिलं? जर्सी सिटीतली एका खोलीची जागा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवणारी सात माणसं. रस्त्यावरून उचलून आणलेला सोफा. आणि एका स्लाइडमध्ये हॉस्पिटलच्या कँटीनचा एप्रन घालून, केसांवर जाळी लावून उभी असलेली आत्या. फर्गसनची बी.एस्सी. घरी कळवलं होतं, ‘लायब्ररीत काम मिळालंय.’ बाबांना ते शेवटपर्यंत खरं वाटत होतं.

आपल्या पिढीला वाटतं, आपल्याकडे भरपूर जुने फोटो आहेत. खरं तर आपल्याकडे दोन वेगवेगळ्या कहाण्या आहेत. एक घरी सांगितलेली, दुसरी इथे जगलेली. नुसता डबा स्कॅन केलात तर पहिलीच मिळेल. नुसते ट्रे केलेत, तर घरी काय सांगावंसं वाटलं ते कळणार नाही. म्हणून दोन्ही हातात घेईल असा स्कॅनर घ्या आणि दोन्ही खोकी एका टेबलावर आणा.

आता आमची पद्धत सांगते. शेवटी जी जमली ती, आधीची नव्हे. चित्रं गिरवायला मुलं वापरतात तशी एलईडीची पाटी आणली. त्यावर स्लाइड ठेवून फोननं भराभर फोटो काढले, तासाला एक ट्रे. दर्जा यथातथा. हे फोटो टीव्हीवर मोठे करून आत्यासमोर ठेवले. तिची नजर आता अधू आहे, स्लाइड हातात धरून तिला काही दिसत नाही, पण टीव्हीवर ती चार फुटांवरून माणसं ओळखते. शेजारी फोनवर रेकॉर्डिंग चालू. नऊ ट्रे नऊ रविवारी झाले. त्यातून तिनं १६० स्लाइड निवडल्या आणि फक्त तेवढ्याच मी फ्लॅटबेडवर नीट स्कॅन केल्या, संध्याकाळी ४० याप्रमाणे चार दिवसांत. महागडं यंत्र शेवटी एवढंच राबलं.

एक युक्ती तिचीच. स्लाइड उलटी ठेवली गेली की चित्र आरशातल्यासारखं येतं आणि पाटीवर अक्षरं नसतील तर कळतही नाही. आत्या म्हणाली, “पदर बघ.” बायकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसला की स्लाइड उलटी. (शेजारच्या गुजराती काकूंना हा नियम लावू नये.)

नावं फाइलमध्येच लिहा. फोटोच्या माहितीत मजकुराची जागा असते, तिथे मराठीत लिहिलेलं टिकतं. नुसतं ‘काका’ लिहू नका, पूर्ण नाव आणि गाव लिहा. तुमच्या नातवाला सगळेच काका असतील. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपीईजी. एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि स्कॅन झालं म्हणून स्लाइड टाकून देऊ नका. फिलाडेल्फियाचं साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह, म्हणजे साडा, २००८ पासून अशी सामग्री जमवतं. ते डिजिटल प्रत ठेवतात, मूळ वस्तू कुटुंबाकडेच राहते. स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्या उद्याच्या संशोधकाला जमिनीवरच्या त्या वर्तमानपत्राचं मोल नायगाऱ्यापेक्षा जास्त असेल.

पण देण्याआधी विचारा. प्रिंट टपालानं पाठवायला पाकीट लागायचं, तिकीट लागायचं, विचार करायला वेळ मिळायचा. स्कॅन केलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायला एक बोट पुरतं. एप्रनची स्लाइड टीव्हीवर आली तेव्हा आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा ह्यांनी काढला. मी नको म्हणत होते. म्हणाले, असू दे, पुढे बघायला मजा येईल.” ती पन्नासेक वर्षांनी पहिल्यांदा तो बघत होती.

मी विचारलं, पुण्याला पाठवू? ती नको म्हणाली. याबद्दल लिहू? “लिही. फोटो नको देऊस.” मग चष्मा पुसत म्हणाली, “सूप बरं करायचे हो मी तिथे. ते पण लिही.”

तिनं निवडलेल्या १६० स्लाइडमध्ये ती स्लाइड नव्हती. निघताना मात्र तिनं मला थांबवलं आणि १६१ वी म्हणून ती माझ्या हातात दिली. तीही स्कॅन केली आहे, २४०० डीपीआयला, वेगळ्या फोल्डरमध्ये. माहितीच्या जागेत तिचं पूर्ण नाव आहे, साल आहे आणि खाली एक ओळ: सूप चांगलं करत असे.